रिफ्रेशचं बटण काढून टाका: डेस्कटॉप ॲपमधल्या जिवंत क्वेरी, नव्यांसाठी

मार्केट यार्डात एका ओळखीच्यांचा आंब्याचा गाळा आहे, त्यांच्यासाठी मी एक छोटं डेस्कटॉप ॲप केलं होतं. स्क्रीनवर एकच यादी: आज आलेले लॉट, कुणाचा माल, किती पेट्या आल्या, किती उरल्या, काय भाव चाललाय. पेट्या संपल्या की लॉट यादीतून गेला पाहिजे, भाव बदलला की क्रम बदलला पाहिजे, बास, एवढंच. मी काय केलं, तर एक टायमर लावला, दर दोन सेकंदांनी अख्खी यादी नव्याने काढायची आणि ग्रिडला चिकटवायची. घरी कोथरूडला बसून टेस्ट केलं तेव्हा चकाचक चाललं. तिकडे पहाटे दिवाणजी काका भाव टाकायला बसले, एक टाइप केला, आठ टाइप केला, तेवढ्यात टायमर झाला, यादी नवी, कर्सर गायब, स्क्रोल थेट वर, आणि पुढची दोन शून्यं हवेत गेली. दोन-तीनदा असं झाल्यावर काका शांतपणे म्हणाले, "अरे, तुझा कॉम्प्युटर माझ्या हातातली पट्टी ओढून घेतोय."

तर ह्या टायमरऐवजी जिवंत क्वेरी, म्हणजे डेटा बदलला की स्वतःहून ताजी होणारी यादी, कशी करायची, त्याबद्दल हा लेख. तुम्हाला सी शार्प थोडंफार येतं आणि डब्ल्यूपीएफची (विंडोजवर ॲपच्या खिडक्या बनवायची मायक्रोसॉफ्टची चौकट) एखादी विंडो तुम्ही उघडून बंद केलीय एवढं मी धरून चालतोय. कोडच्या ओळी इथे देत नाही, क्लास आणि मेथडची नावं मराठीत लिहितो, एडिटरमध्ये पहिली तीन-चार अक्षरं टाकलीत की बाकीचं तो सुचवतोच.

पायरी १: आधी लिंकबद्दलचा गैरसमज काढा

लिंक (एल-आय-एन-क्यू, वेबवरची लिंक नव्हे) म्हणजे सी शार्पमधली याद्यांना प्रश्न विचारायची सोय. कुठलीही लायब्ररी डाउनलोड करायच्या आधी एक साधा कन्सोल प्रोजेक्ट उघडा. एका लिस्टमध्ये ३, ८ आणि १२ टाका, मग त्यावर व्हेअर लावून पाचपेक्षा मोठे मागा, व्हेरिएबलमध्ये ठेवा, फोरईच करून छापा. ८ आणि १२ येतील. आता लिस्टमध्ये २० घाला आणि तेच व्हेरिएबल परत फोरईचमध्ये फिरवा, क्वेरीला हात न लावता. ८, १२, २० आलं! इथे नव्वद टक्के लोकांना वाटतं की क्वेरी जिवंत आहे, मलाही वाटलं होतं.

जिवंत वगैरे काही नाही. व्हेअर म्हणजे नुसती वाण्याची चिठ्ठी, काय हवंय ते लिहून ठेवलंय, सामान अजून आणलेलं नाही. फोरईच केलं की कोणीतरी ती चिठ्ठी घेऊन दुकानात जातं. दुसऱ्यांदा फोरईच केलं म्हणजे दुसऱ्यांदा दुकानात गेलं, म्हणून नवा माल मिळाला. पण दुकानात नवीन माल आल्यावर तुम्हाला फोन कोण करणार? कोणीच नाही. आणि शेवटी टूलिस्ट लावलंत तर तो चक्क फोटो झाला, त्यात पुढे काहीच हलणार नाही. लिंक २००७ मध्ये डॉट नेट ३.५ बरोबर आलं ते प्रश्न विचारायला, लक्ष ठेवायला नाही, त्यामुळे ह्यात त्याची काही चूकही नाही.

आता एका कागदावर तीन ओळी लिहा आणि मॉनिटरला चिकटवा, मी खरंच चिकटवल्यात:

यादीत वस्तू आली किंवा गेली, तर कोण सांगणार?
वस्तू तीच आहे पण तिच्या आतला आकडा बदलला, तर कोण सांगणार?
डेटा तोच आहे पण माझा नियम बदलला, म्हणजे सर्चबॉक्समध्ये मी दुसरं नाव टाकलं, तर कोण सांगणार?

ह्या विषयातली कुठलीही लायब्ररी घ्या, कुठल्याही भाषेतली, ती ह्या तीन प्रश्नांचं उत्तर असते. पहिल्याचं उत्तर सगळ्यांकडे असतं. नवे लोक अडकतात ते दुसऱ्यावर.

पायरी २: वस्तूला बोलायला शिकवा

डब्ल्यूपीएफचा नवा प्रोजेक्ट करा, डॉट नेट ८ किंवा त्यापुढचं घ्या, व्हिज्युअल स्टुडिओची फुकट कम्युनिटी आवृत्ती पुरते. लॉट नावाचा क्लास करा: लॉट नंबर, शेतकरी, आलेल्या पेट्या, उरलेल्या पेट्या, भाव. ह्यातल्या ज्या गोष्टी दिवसभरात बदलणार, म्हणजे उरलेल्या पेट्या आणि भाव, त्या बदलल्या की क्लासने ओरडलं पाहिजे, त्यासाठी आयनोटिफायप्रॉपर्टीचेंज्ड हा इंटरफेस. पूर्वी हे हाताने लिहायला लागायचं, आता नुगेटवरून, म्हणजे डॉट नेटच्या तयार पॅकेजांच्या दुकानातून, कम्युनिटीटूलकिट एमव्हीव्हीएम हे पॅकेज टाकलं आणि फील्डवर ऑब्झर्वेबलप्रॉपर्टीचा टॅग लावला, क्लास पार्शल करून ऑब्झर्वेबलऑब्जेक्टवरून घेतला, की बाकीचा कोड तो स्वतः लिहितो. पण एकदा, निदान एका प्रॉपर्टीसाठी, हाताने लिहून बघाच, कारण तेव्हा एक गोष्ट डोळ्यांनी दिसते आणि ती पुढे उपयोगी पडते: हा इव्हेंट फक्त प्रॉपर्टीचं नाव सांगतो. "भाव बदलला", एवढंच. आधी किती होता ते सांगत नाही. बेरजेच्या वेळी हे आठवा, मी परत येतो तिथे.

पायरी ३: ऑब्झर्वेबलकलेक्शन, आणि ते कुठे मुकं आहे

साध्या लिस्टच्या जागी ऑब्झर्वेबलकलेक्शन ठेवा आणि डेटाग्रिडला बांधा. एक बटण ठेवा नवा लॉट घालायला, एक काढायला. ग्रिड आपोआप हलते. ह्याच्या कलेक्शनचेंज्ड इव्हेंटला एक मेथड लावा आणि आउटपुट विंडोत काय काय येतं ते छापा, पाचच प्रकार आहेत: ॲड, रिमूव्ह, रिप्लेस, मूव्ह आणि रिसेट.

रिसेटकडे नीट बघा. क्लिअर केलं की रिसेट येतो आणि त्यात कुठल्या वस्तू गेल्या ते नसतं. म्हणजे तुम्ही प्रत्येक लॉटच्या प्रॉपर्टीचेंज्डला हाताने कान लावून बसला असाल, तर क्लिअर झाल्यावर कुणाकुणाचे कान काढायचे ते तुम्हाला कळतच नाही. हातानेच सगळं करीन म्हणणारे लोक पहिल्यांदा इथे आपटतात.

आता एका लॉटच्या उरलेल्या पेट्या कोडमधून शून्य करा. आउटपुट विंडोत काय आलं? काहीच नाही! ग्रिडच्या खान्यात शून्य दिसेल, कारण तो खाना थेट लॉटचं ऐकतोय, पण कलेक्शनच्या दृष्टीने काहीही घडलेलं नाही, यादीत तेवढ्याच वस्तू आहेत. म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, दुसऱ्याचं नाही.

आणि हो, एक चूक सगळे करतात: कलेक्शन भरायच्या ऐवजी प्रॉपर्टीला नवंच कलेक्शन देतात. मग ग्रिड जुन्या कलेक्शनकडे बघत बसते आणि तुम्ही अर्धा तास बाइंडिंग तपासत बसता. कलेक्शन एकदाच तयार करा, रीडओन्ली करा, विषय संपला.

पायरी ४: थांबा, कदाचित तुम्हाला लायब्ररी लागणारच नाही

हे कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. डब्ल्यूपीएफमध्ये कलेक्शनव्ह्यू नावाचा प्रकार आहे, यादी आणि ग्रिडच्या मधे एक चष्मा समजा, त्यात फिल्टर, सॉर्ट, ग्रुप करता येतं. आणि डॉट नेट ४.५ पासून, म्हणजे २०१२ पासून, त्यात लाइव्ह शेपिंग आहे: कुठल्या प्रॉपर्टीवर नजर ठेवायची त्यांची नावं द्यायची, लाइव्ह फिल्टरिंग आणि लाइव्ह सॉर्टिंग चालू करायचं, की उरलेल्या पेट्या शून्य झाल्या रे झाल्या लॉट स्वतःहून यादीतून जातो. एकच यादी, एकच खिडकी, चार-पाचशे ओळी, असं काम असेल तर इथेच थांबा. खरंच. मी आज तो गाळ्याचा प्रोग्राम पहिल्यापासून लिहिला असता तर पहिली आवृत्ती ह्यावरच केली असती.

दोन खड्डे आहेत. एक म्हणजे, एकाच कलेक्शनला दोन ग्रिड बांधल्या तर दोघींना तोच डिफॉल्ट व्ह्यू मिळतो, एकीकडे फिल्टर लावला की दुसरीकडेही लागतो, आणि माणूस येडा होतो. दोन वेगळ्या नजरा हव्या असतील तर दोन वेगळे कलेक्शनव्ह्यूसोर्स करा. दुसरं, ग्रिडमध्ये कोणी ओळ एडिट करत असताना तुम्ही व्ह्यूला रिफ्रेश मारलात तर सरळ एक्सेप्शन येतं, ॲड किंवा एडिट चालू असताना रिफ्रेश चालत नाही असं.

मग लायब्ररी कधी? जेव्हा एका यादीतून दुसरी यादी, त्यातून तिसरी, त्यावर बेरीज, डेटा दुसऱ्या थ्रेडवरून येतोय, आणि हे सगळं स्क्रीनपासून वेगळं टेस्टही करायचंय, तेव्हा. व्ह्यू हा शेवटी डब्ल्यूपीएफचा माणूस आहे, त्याच्यावर साखळी रचता येत नाही.

पायरी ५: कुठली लायब्ररी, आणि कुठल्या नको

नेटवर शोधलंत तर जुने लेख सापडतील, कंटिन्युअस लिंक, बाइंडेबल लिंक, ऑब्टिक्स अशी नावं. कल्पना झकास होती, लिंकसारखंच लिहायचं आणि निकाल स्वतःहून ताजा राहणार. पण ती पिढी कोडप्लेक्सच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ओपन सोर्स प्रोजेक्ट ठेवायच्या साइटच्या काळातली, आणि कोडप्लेक्स २०१७ मध्ये बंद झालं. वाचायला घ्या, नवीन प्रोजेक्टमध्ये घालू नका. कुठलीही लायब्ररी घ्यायच्या आधी नुगेटवर शेवटची आवृत्ती कधी आली आणि ती तुमच्या डॉट नेटवर चालते का, हे दोन मिनिटं बघायचं, चमकदार उदाहरणं नंतर.

कोडप्लेक्सच्या त्याच काळात मायक्रोसॉफ्टमधून रिॲक्टिव्ह एक्स्टेन्शन्स आलं, ज्याला सगळे आरएक्स म्हणतात, २००९ मध्ये लोकांच्या हातात पडलं आणि २०१२ मध्ये ओपन सोर्स झालं. आरएक्स म्हणजे एकामागून एक येणाऱ्या घटनांचा नळ. पण त्याला "यादी" ही कल्पना नाही, त्याला फक्त "आता हे आलं" कळतं. ती यादीची बाजू भरून काढते डायनॅमिकडेटा ही लायब्ररी, आरएक्सच्या वर बसते, रिॲक्टिव्हयूआय वाल्या मंडळींच्या घरात नांदते, आणि डब्ल्यूपीएफ काय, त्याच्यासारखंच पण विंडोजबाहेरही चालणारं ॲव्हलोनिया काय, दोन्हीकडे चालते. नव्या माणसाला मी हीच सांगतो. आर थ्री आणि त्याच्या जोडीचं ऑब्झर्वेबलकलेक्शन्स हे नवं पॅकेजही चांगलं आहे, पण शिकायला एकच धरा.

जावावाले कोणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी: जावाएफएक्समध्ये फिल्टर्डलिस्ट आणि सॉर्टेडलिस्ट हेच काम करतात, आणि दुसऱ्या प्रश्नासाठी ऑब्झर्वेबल यादी बनवताना एक्स्ट्रॅक्टर द्यायचा असतो, तो दिला नाही की रडायला होतं. क्यूटीमध्ये क्यूसॉर्टफिल्टरप्रॉक्सीमॉडेल. नावं वेगळी, कागदावरचे तीन प्रश्न तेच.

पायरी ६: साखळी रचा

डायनॅमिकडेटा नुगेटवरून घ्या. दोन मूळ साठे मिळतात: सोर्सलिस्ट आणि सोर्सकॅश. वस्तूला स्वतःचा नंबर असेल तर डोळे झाकून सोर्सकॅश घ्या. त्याला प्रत्येक वस्तूची वेगळी ओळख, म्हणजे 'की', लागते, ती म्हणून लॉट नंबर द्या. 'की' म्हणून शेतकऱ्याचं नाव देऊ नका, एकाच नावाचे दोघं येतात, मग दुसरा पहिल्याला गिळतो आणि कुठलीही एरर येत नाही. आणि ही 'की' कधी बदलता कामा नये, हेही लक्षात असू दे.

ऑब्झर्वेबलकलेक्शन आता मूळ साठा राहिला नाही, मूळ साठा हा कॅश. त्यात माल घालायचा ॲडऑरअपडेटने, काढायचा रिमूव्हने. बरेच बदल एकदम करायचे असतील तर एडिटच्या आत करा, म्हणजे खाली शंभर निरोपांऐवजी एक निरोप जातो.

आता कॅशवर कनेक्ट म्हणा आणि एकाखाली एक जोडत जा. कनेक्ट, मग ऑटोरिफ्रेश, मग फिल्टर, मग सॉर्ट, मग ऑब्झर्व्हऑन, मग बाइंड, शेवटी सबस्क्राइब. बाइंड तुम्हाला एक रीडओन्ली यादी काढून देतो, ती ग्रिडला बांधायची. नव्या आवृत्त्यांमध्ये सॉर्ट आणि बाइंड एकत्र करणारं सॉर्टअँडबाइंड आहे, ते मिळत असेल तर तेच वापरा.

ह्या साखळीत वरून खाली वस्तू जात नाहीत, बदल जातात. "लॉट १४ आला", "लॉट ९ गेला", "लॉट ३ परत तपासा". हे डोक्यात बसलं की क्रम पाठ करायला लागत नाही. फिल्टर स्वतःहून कुणाचं काही बघत नाही, त्याला वरून निरोप आला तरच तो हलतो. उरलेल्या पेट्या शून्य झाल्या हा निरोप कोण पाठवणार? ऑटोरिफ्रेश. त्याला प्रॉपर्टी सांगायची, तो प्रत्येक लॉटला कान लावतो, बदल झाला की खाली "परत तपासा" पाठवतो. म्हणून ऑटोरिफ्रेश फिल्टरच्या वर. मी पहिल्यांदा तो फिल्टरच्या खाली लावला होता, तर लॉट यादीत आला की भावाप्रमाणे हलायचा मस्त, पण शून्य पेट्या झाल्या तरी ढिम्म बसून राहायचा, एक अख्खा रविवार गेला ह्यात. आता मी प्रत्येक वेळी साखळी वाचताना स्वतःलाच विचारतो, हा निरोप कोणाच्या डोक्यावरून येतोय.

ऑटोरिफ्रेश फुकट नाही. हजारो वस्तू आणि सेकंदाला शेकडो बदल असतील तर त्याला थोडा वेळ साठवून एकदम पाठव असं सांगता येतं, तशी पॅरामीटर्स आहेत. किंवा वस्तूच बदलायची नाही, प्रत्येक बदलाला नवी वस्तू करून ॲडऑरअपडेट करायची, मग ऑटोरिफ्रेशची गरजच नाही. पण मग जुनी वस्तू गेली म्हणून ग्रिडमध्ये निवडलेली ओळ सुटते. दगडापेक्षा वीट मऊ, बघा तुम्हाला कुठलं परवडतं.

तिसरा प्रश्न, नियम बदलला तर: फिल्टरला पक्की अट देण्याऐवजी अटींचा नळ देता येतो. सर्चबॉक्सचा मजकूर बदलला की नवी अट सोडायची, फिल्टर सगळं परत तपासतो. मधे थ्रॉटल लावा पाव सेकंदाचा, नाहीतर प्रत्येक अक्षराला चाळणी फिरते. इथे एक गंमत, आरएक्समधला थ्रॉटल नावाप्रमाणे वागत नाही, तो शांतता होईपर्यंत थांबतो आणि मग शेवटचं मूल्य सोडतो. टायपिंगला हे बरोबरच आहे. पण सतत वाहणाऱ्या डेटावर लावलात तर शांतता कधी होतच नाही आणि स्क्रीन मेल्यासारखी दिसते. तिथे सॅम्पल वापरा.

पायरी ७: बेरीज

मालकांना यादीपेक्षा खाली एक आकडा हवा असतो: एकूण शिल्लक पेट्या. डायनॅमिकडेटात काउंट, सम वगैरे आहेत, ते लॉट आला की मिळवतात, गेला की वजा करतात, अख्खी यादी परत मोजत नाहीत. हुशार आहे, पण पायरी २ आठवा. लॉटच्या आत ४० च्या ३५ पेट्या झाल्या, निरोप आला "उरलेल्या पेट्या बदलल्या". किती वजा करायचे? आधी ४० होत्या हे आता कुणाकडेच नाही, वस्तूत ३५ च आहे. म्हणून वस्तूच्या आतला आकडा बदलतो तिथे ह्या चालू बेरजेवर विसंबू नका. मी ऑटोरिफ्रेशनंतर टूकलेक्शन घेतो, म्हणजे दर बदलाला पूर्ण यादी हातात येते, आणि साधा लिंकचा सम मारतो. चार-पाचशे ओळींची बेरीज कॉम्प्युटरला काहीही नाही. लाखभर ओळी असतील तेव्हा वेगळा विचार करू.

पायरी ८: थ्रेड

डेटा मागच्या थ्रेडवरून आला आणि तिथूनच बांधलेलं कलेक्शन बदललंत तर डब्ल्यूपीएफ लगेच भांडतं, डिस्पॅचरच्या, म्हणजे स्क्रीन सांभाळणाऱ्या यूआय थ्रेडवरून बदला म्हणून. साखळीत ऑब्झर्व्हऑन नेमका ह्यासाठी. तो बाइंडच्या लगेच वर ठेवा, कनेक्टच्या खाली नाही, कारण त्याच्या खालचं सगळं काम यूआय थ्रेडवर होतं, आणि चाळणं-लावणं हे काम तिथे करून स्क्रीन अडवायची काही गरज नाही.

इथेच एक छोटी गोष्ट, बाइंडला एका निरोपात २५ पेक्षा जास्त बदल आले की तो एकेक करण्याऐवजी रिसेट करतो, हे डिफॉल्ट आहे. रिसेट म्हणजे स्क्रोल आणि निवड गेली. तुमच्या स्क्रीनवर अधूनमधून ओळ सुटत असेल आणि कारण सापडत नसेल तर आधी हा आकडा वाढवून बघा.

पायरी ९: नळ बंद करा

सबस्क्राइब केल्यावर एक डिस्पोजेबल मिळतो. नवे लोक तो टाकून देतात. कॅश ॲपभर जिवंत, खिडकी पाच मिनिटांची, पण कॅशच्या हातात त्या खिडकीची साखळी आहे, म्हणून बंद केलेली खिडकी मेमरीतून जात नाही आणि वर कामही करत राहते. तपासायची माझी पद्धत: फिल्टरच्या अटीत एक ओळ छापायची, खिडकी वीस वेळा उघडून बंद करायची, एकविसाव्यांदा उघडून तशीच ठेवायची, मग एका लॉटची एक पेटी विकायची. एक ओळ छापली गेली तर ठीक. एकवीस आल्या तर समजून जा. उपाय सोपा, खिडकीच्या व्ह्यूमॉडेलमध्ये (तिच्यामागचा डेटा सांभाळणारा क्लास) एक कॉम्पोझिटडिस्पोजेबल ठेवा, प्रत्येक साखळी त्यात टाका, क्लोज झाल्यावर तो डिस्पोज करा.

पायरी १०: कुठे जिवंत नको ते ठरवा

एवढं सगळं करून मी परत गाळ्यावर गेलो. टायमर नाही, साखळी आहे, यादी भावाप्रमाणे लावलेली, सगळ्यात महाग माल वर. काकांनी १८०० टाइप करायला घेतलं. १ दाबला, लॉटचा भाव एक रुपया झाला, ओळ सगळ्यात खाली गेली. ८ दाबला, अठरा रुपये. अजून खालीच. १८०, थोडी वर. १८००, झटकन वर. काका मान वर-खाली करतायत कॅरमची सोंगटी बघितल्यासारखी. दोष लायब्ररीचा नव्हता, माझ्या खान्याच्या बाइंडिंगवर अपडेटसोर्सट्रिगर प्रॉपर्टीचेंज्डवर ठेवलेला होता, म्हणजे प्रत्येक अक्षर थेट लॉटमध्ये. तो लॉस्टफोकसवर टाकला, मग पूर्ण भाव टाकून पुढे गेल्यावरच ओळ हलायला लागली.

म्हणून प्रत्येक यादीसाठी हे ठरवून घ्या: गाळणी जिवंत हवी का, क्रम जिवंत हवा का. बहुतेक वेळा गाळणी हवीच असते आणि क्रम नको असतो. आम्ही शेवटी क्रम लॉट नंबरप्रमाणे पक्का केला आणि महाग मालासाठी वरच्या पाच लॉटची वेगळी छोटी यादी बाजूला दिली, त्याच कॅशमधून दुसरी साखळी, दहा मिनिटांचं काम.

पायरी ११: दुसरं मशीन आलं की

हा प्रश्न मला सारखा येतो: डेटाबेसमध्ये कोणी रेकॉर्ड बदलला तर माझी यादी बदलेल ना? नाही. ह्या लायब्ररी तुमच्या प्रोग्रामच्या मेमरीतल्या वस्तूंवर लक्ष ठेवतात, डेटाबेसवर नाही. पोस्टग्रेसमध्ये लिसन-नोटिफाय आहे, एसक्यूएल सर्व्हरमध्ये क्वेरी नोटिफिकेशन्स आहेत, मधे सर्व्हर असेल तर सिग्नलआर, ह्यातलं काहीतरी निरोप आणून देणार आणि तुम्ही तो कॅशमध्ये टाकणार. एसक्यूलाइटचा अपडेट हुक फक्त त्याच कनेक्शनवरचे बदल सांगतो, दुसऱ्या मशीनचं त्याला काही कळत नाही.

गाळ्यावर दुसरा कॉम्प्युटर आला तेव्हा तिथे ह्यातलं काहीच लावायची सोय नव्हती, मग मी निमूटपणे टायमरच परत आणला. दर पाच सेकंदांनी मागच्या थ्रेडवर सगळे लॉट वाचायचे आणि कॅशच्या एडिटडिफला द्यायचे, सोबत कुठलेही दोन लॉट सारखे आहेत की नाही ते ठरवणारी एक तुलना. तो जुनं-नवं ताडून फक्त फरक काढतो, न बदललेल्या लॉटला हात लावत नाही. पहाटेच्या गर्दीत पाच सेकंदांत तीन-चार लॉट बदलतात, साखळीतून तेवढेच निरोप जातात, ग्रिडमध्ये तेवढ्याच ओळी हलतात. काकांना टायमर परत आलाय हे अजून माहीत नाही.